ड्यूटीवर जाण्याआधी

ज्या विभागात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली, तिथून रुग्ण बरा होऊन घरी जात नाही. बाळंतपणाच्या वॉर्डातल्या सिस्टरच्या हातावर रोज कुणीतरी पेढा ठेवतं. सर्जिकल वॉर्डातला माणूस टाके काढले की आपल्या पायांनी चालत बाहेर पडतो. डायलिसिसचं तसं नाही. सोमवारी आलेला माणूस बुधवारी येतो, शुक्रवारी येतो आणि पुन्हा सोमवारी. ज्याला किडनी मिळाली तो सुटला. बाकीच्यांचं येणं एके दिवशी थांबतं, आणि का थांबलं हे आम्हाला कुणाला विचारावं लागत नाही.

अशा ठिकाणी आयुष्य काढायचं तर सकाळी घराबाहेर पाऊल टाकताना मनाला काहीतरी आधार लागतो. मी ख्रिस्ती आहे. प्रभू येशू ख्रिस्ताचं शुभवर्तमान मी रोज ड्यूटीवर जाण्याआधी स्वतःला सांगत आले. जन्मापासून ख्रिस्ती असलेल्या बाईला ते रोज सांगायची काय गरज, असं मला आमच्या मंडळीतल्याच अनेकांनी विचारलं आहे. त्यांच्या मते शुभवर्तमान नवख्यांसाठी असतं. ज्यांनी ते एकदा स्वीकारलं त्यांनी आता कामाला लागायचं. माझा अनुभव याच्या उलट आहे. कामाला लागलेल्या माणसालाच त्याचा सगळ्यात लवकर विसर पडतो.

माझं माहेर जालन्याचं. रेव्हरंड नारायण शेषाद्री १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले, पुढे मराठवाड्यात आले आणि दिवाण सालारजंगांच्या काळात निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. आमच्यासारख्या अनेक घराण्यांची मुळं त्या कामात आहेत. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे आजोबांच्या बोलण्यात हैदराबाद म्हणजे परमुलूख नव्हता, राजधानी होती. लग्न होऊन मी हैदराबादला आले तेव्हा घरात कुणाला फारसं वेगळं वाटलं नाही. नवरा रेल्वेत, राहायला सिकंदराबादचं लालागुडा. रविवारी तेलुगू उपासनेला जायचं आणि घरातली प्रार्थना मराठीत करायची, हा नेम तेव्हापासूनचा आहे. रेव्हरंड टिळकांची गीतं म्हणायला मिळाली नाहीत तर आठवडा गेला असं मला अजूनही वाटत नाही.

लहानपणी शब्बाथ शाळेत आम्ही दयाळू शोमरोन्याची गोष्ट इतक्या वेळा ऐकली की वाटेवर पडलेल्या माणसाच्या जखमा आमच्या ओळखीच्या झाल्या होत्या. घरात दोन पिढ्या मिशन दवाखान्यात कामाला होत्या. मुलगी हुशार निघाली की तिला सिस्टर करायचं, हे ठरलेलंच असे. पाळकसाहेब, शिक्षिका, आत्या, सगळे एकच सांगत: सेवा कर. त्या शिकवणुकीबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण पोराच्या मनात त्यातून नकळत एक हिशेब तयार होतो. देवाला आपण आवडतो, कारण आपण सेवा करतो. असं कुणी शिकवलं नव्हतं, तरी आमच्यातल्या बऱ्याच जणींनी ते शिकून घेतलं होतं. हा हिशेब घेऊन मुलगी वॉर्डात गेली की पहिली काही वर्षं ती फार सुंदर काम करते. मग हळूहळू आटत जाते.

आमचं काम कसं चालतं ते थोडं सांगते. रुग्णाच्या हातावर, मनगटाजवळ किंवा कोपरापाशी, शस्त्रक्रिया करून रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडलेल्या असतात. त्याला फिस्टुला म्हणतात. त्यामुळे ती नीला फुगते, जाड होते आणि दर वेळी सुया सोसण्याइतकी दणकट होते. त्यात दोन जाड सुया घालायच्या. एकीतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून परत येतं. मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलीटर रक्त असं चार तास फिरतं. एका वेळच्या डायलिसिसला शंभर लिटरच्या वर शुद्ध केलेलं पाणी लागतं. आल्यावर वजन, जाताना वजन. दोन फेऱ्यांच्या मधे लघवी होत नसल्यामुळे प्यायलेलं सगळं पाणी अंगात राहतं, ते मशीननं काढायचं. जास्त वेगानं काढलं तर बी.पी. घसरतो, पिंढऱ्यांत गोळे येतात, आणि दणकट पुरुषसुद्धा कळवळून ओरडतो. सिस्टरचं सगळं लक्ष या आकड्यांवर असावं लागतं. सुई टोचताना मात्र आकडे कामाला येत नाहीत. दोन बोटं फिस्टुलावर ठेवली की कातडीखाली एक बारीक थरथर लागते. इंग्रजी शिकलेले तिला थ्रिल म्हणतात, आमचे रुग्ण ‘मशीन चालू आहे’ म्हणतात. ती थरथर पाहायची, शिरेची दिशा बोटांनी ओळखायची, आणि मगच सुई.

नांदेडकडचे एक काका आमच्याकडे कित्येक वर्षं आले. त्या काळी त्यांच्या जवळपास डायलिसिसची सोय नव्हती, म्हणून शेती मुलावर सोपवून ते सिकंदराबादला भाच्याकडे येऊन राहिले. मी मराठी बोलते हे कळल्यावर त्यांनी मला जी ‘ताई’ म्हणायला सुरुवात केली ती शेवटपर्यंत. फिस्टुला झालेल्या प्रत्येकाला आम्ही बजावतो की रोज उठल्याबरोबर त्यावर बोटं ठेवून थरथर आहे ना ते पाहायचं. नसेल तर लगेच दवाखाना गाठायचा. बहुतेक जण आठवडाभर पाहतात आणि सोडून देतात. काकांनी एक दिवस चुकवला नाही. मी एकदा कौतुकानं म्हटलं तर म्हणाले, ‘ताई, मी काही रक्त वाहवत नाही. ते रात्रभर वाहतच असतं. मी फक्त हात लावून बघतो, म्हणजे दिवस धीरानं जातो.’

सकाळी मी जे करते ते मला यापेक्षा नीट सांगता येणार नाही. वधस्तंभावर जे झालं ते मी घडवत नाही, माझ्या आठवणीनं ते वाढत नाही आणि माझ्या विसरण्यानं कमी होत नाही. मी हात लावून बघते.

पण हे समजायला मला बराच काळ लागला आणि ते समजलं एका मरणातून. एक कॉलेजात शिकणारा मुलगा आमच्याकडे यायचा. घरची परिस्थिती बेताची, सरकारच्या आरोग्यश्री योजनेच्या कार्डावर उपचार चालायचे. त्याच्या आहाराचा तक्ता मी स्वतः लिहून दिला होता. केळं नको, नारळपाणी नको, भाज्या उकळून पाणी टाकून द्यायचं. तो चुकला की रागावायची, आला नाही की फोन करायची. हसरा होता. आणि एके दिवशी त्यानं ठरवलं की आता बस्स. घरच्यांनी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, मीही त्याच्यासमोर हात जोडले. तो आला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी मशीन लावत होते, सुया टोचत होते, हसत होते, आणि आत काहीच नव्हतं. इतकं करून जर माणूस उठून जातो, तर मी केलं ते काय होतं? आणि ज्या देवासाठी ते केलं म्हणत होते, त्याच्या लेखी तरी आता माझं काय मोल?

आमच्या मंडळीत एक निवृत्त मेट्रन होत्या. सगळे त्यांना अम्मा म्हणत. उपासना संपल्यावर त्यांनी मला चर्चच्या पायरीवर बसवून घेतलं आणि विचारलं, ‘या आठवड्यात शुभवर्तमान ऐकलंस का?’ मी म्हटलं, अम्मा, वेळ कुठे मिळतो, पण सेवा चालू आहे, कुणाला दुखवलं नाही, रात्रपाळीतही प्रार्थना चुकवली नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘हे सगळं तू काय केलंस ते झालं. मी विचारलं त्यानं काय केलं ते.’

मला उत्तर येत होतं. लहानपणापासून पाठ होतं. देवानं आपला पुत्र दिला. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. तिसऱ्या दिवशी उठला. त्याच्या नीतिमत्त्वामुळे देव आपल्याला स्वीकारतो, आपल्या कर्तबगारीमुळे नव्हे. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. पण त्या पायरीवर मला उमगलं की हे उत्तर मी कित्येक महिन्यांत स्वतःला उद्देशून म्हटलं नव्हतं. अम्मांनी मला लूकच्या दहाव्या अध्यायातली सत्तर शिष्यांची हकीकत काढून दाखवली. ते कामगिरीवरून परततात, भुतंसुद्धा आमचं ऐकतात म्हणून हरखून गेलेले असतात. येशू त्यांचा आनंद नाकारत नाही, पण त्यांना सांगतो की आनंद करायचा तर तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा करा. ‘काम जमलं त्या दिवशी हे वाच आणि फसलं त्या दिवशीही वाच,’ अम्मा म्हणाल्या.

पौलाची पत्रं तेव्हापासून मी वेगळ्या नजरेनं वाचू लागले. करिंथच्या मंडळीला पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो शुभवर्तमानाची आठवण करून देतो, आणि ती मंडळी ते कधीच स्वीकारून बसलेली असते. रोममधल्या विश्वासणाऱ्यांनाही त्याला शुभवर्तमानच सांगायचं असतं. विश्वासातल्या माणसाला पुढचा धडा म्हणून तो दुसरं काही शोधत नाही.

आणि सेवा करूनही आत कोरडं राहणं फक्त सामान्य माणसांच्या वाट्याला येतं असं नाही. जॉन वेस्ली ऑक्सफर्डला शिकलेले, दीक्षित पाळक, मिशनरी म्हणून अमेरिकेत जॉर्जियापर्यंत जाऊन आलेले. उपास, प्रार्थना, तुरुंगातल्या कैद्यांची विचारपूस, काही सोडलं नव्हतं. तरी मन रितं. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत कुणीतरी रोमकरांस पत्रावरची ल्यूथरची प्रस्तावना वाचत होतं, आणि ती ऐकताना त्यांना प्रथमच खात्री पटली की ख्रिस्तानं आपलीही पापं उचलली आहेत. आपल्या पंडिता रमाबाईंचं पाहा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी ‘शारदा सदन’ उभं केलं, विधवांसाठी सगळा जन्म पणाला लावला. त्याच रमाबाई आपल्या साक्षीत लिहितात की ख्रिस्ती धर्म त्यांना आधी सापडला आणि प्रत्यक्ष ख्रिस्त बऱ्याच वर्षांनी. १९०७ साली छापलेलं हे निवेदन प्रत्येक ख्रिस्ती समाजसेवकानं एकदा वाचावं असं मला फार वाटतं. एवढं मोठं काम करणारी बाई कबूल करते की कामानं ती जागा भरली नव्हती.

आता रोजचं सांगते. मी साडेचारला उठायची. पहिल्या पाळीसाठी सहाच्या आत विभागात पोचायचं असे. मशीनची तपासणी, प्रायमिंग, पाण्याची चाचणी, मग पहिला रुग्ण. त्यामुळे घरातली शांत वेळ स्वयंपाकघरातच मिळे. एक अध्याय वाचायचा, बहुधा रोमकरांस पत्रातला नाहीतर लूकमधला. मग ओट्यापाशी उभी राहून, आवाज काढून, साध्या मराठीत स्वतःला सांगायचं. आवाज काढून, कारण मनातल्या मनात सांगितलेलं मन ऐकत नाही, ते आजच्या पाळीत कोण कोण आहे याचा विचार करत बसतं. शब्द ठरलेले नाहीत. साधारण असं: काल तुझ्या हातून जे झालं आणि जे राहिलं, ते ठाऊक असलेल्या देवानं तुला ख्रिस्तामध्ये क्षमा केली आहे. आज तू काही सिद्ध करायला निघालेली नाहीस. तू त्याची मुलगी आहेस, हे दिवस सुरू होण्याआधीच ठरलेलं आहे. ज्यांच्याकडे जाते आहेस तीही त्याला प्रिय आहेत, आणि त्यांचा तारणारा तू नाहीस.

शेवटचं वाक्य मी कधी गाळत नाही. डायलिसिसच्या सिस्टरला त्याची फार गरज असते.

विभागात पोचल्यावर हात धुताना ते पुन्हा एकदा म्हणायचं. साबणानं हात नीट धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात, तेवढा वेळ पुरतो. जुन्या शहरातल्या एक वयस्कर मावशी, आमच्या खाला, नेहमी पहिल्या पाळीत असत. बेसिनसमोरच्या खाटेवरून त्यांचं माझ्याकडे लक्ष असे. एकदा म्हणाल्या, ‘सिस्टर, हाथ धोते वख्त मुँह में क्या पढ़ते तुम?’ मी म्हटलं, ‘ऊपरवाले की मेहरबानी याद करती हूँ, खाला.’ त्या म्हणाल्या, ‘अच्छी बात है. मेरे कू बी याद रखना दुआ में.’ त्या दिवसापासून त्यांचं नाव माझ्या प्रार्थनेत आलं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. सुया टोचून चार तास खाटेला खिळलेल्या माणसाला मी कधी धर्म सांगितला नाही. उठून जाता न येणाऱ्या माणसापुढे बोलणं मला अन्यायाचं वाटतं. कुणी आपणहून विचारलं तर खरं तेवढं उत्तर दिलं. शुभवर्तमान त्या विभागात रोज सांगितलं जात होतं, पण ऐकणारी मीच होते.

याचा कामावर काय परिणाम झाला? रमजानच्या महिन्यात खालांचं वजन हमखास वाढलेलं असे. इफ्तारला खजूर, सरबत, कुणीतरी आणून दिलेलं हलीम. पूर्वी अशा रुग्णाचं वजन पाहिलं की माझा पारा चढायचा. मी इतकं सांगते, तरी ऐकत नाहीत! नंतर माझ्या लक्षात आलं की त्या रागात काळजी थोडी आणि माझा मान मोठा असायचा. माझ्या रुग्णाचे आकडे बिघडले म्हणजे माझं काम बिघडलं, असं ते गणित होतं. सकाळी ज्या बाईला स्वतःच्या कामगिरीवरून मोजलं गेलेलं नाही, तिला दुसऱ्याला वजनकाट्यावरून मोजणं जड जातं. मी खालांजवळ बसून किती खजूर खाल्ले ते विचारू लागले आणि त्या खरं सांगू लागल्या. खरं सांगितल्यामुळे किती पाणी काढायचं ते नीट ठरवता येऊ लागलं आणि त्यांचे पिंढऱ्यांचे गोळे कमी झाले. शुभवर्तमानाचा डायलिसिसच्या आकड्यांवर झालेला परिणाम मी असा पाहिला आहे.

स्तुतीचंही तेच. १२ मे, नाइटिंगेलबाईंचा जन्मदिवस, सगळीकडे परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. एका वर्षी स्टेजवर बोलावून माझा सत्कार झाला, शाल मिळाली, टाळ्या झाल्या. त्याच आठवड्यात एका नातेवाइकानं तक्रारपेटीत माझ्याविरुद्ध चिठ्ठी टाकली. दुसऱ्या रुग्णाचा बी.पी. घसरला म्हणून त्यांच्या माणसाला मशीनवर घ्यायला उशीर झाला होता. शाल आणि चिठ्ठी, दोन्ही घरी घेऊन आले. पूर्वी शालीनं मी आठवडाभर तरंगले असते आणि चिठ्ठीनं महिनाभर झोप उडाली असती. त्या वेळी दोन्ही एकाच कपाटात ठेवता आली. चिठ्ठीतला मुद्दा बरोबर होता, म्हणून पाळीची विभागणी बदलून घेतली. एवढंच.

लूकच्याच पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ आहे. त्याच्यावर प्रवचनं कमी होतात, पण आमच्यासारख्यांचा तो सख्खा नातेवाईक आहे. शेतात राबतो, आज्ञा मोडत नाही, आणि किती वर्षं राबलो ते त्याच्या तोंडावर असतं. बाप त्याची समजूत घालायला बाहेर येतो, हे मी कित्येक वर्षं वाचूनही पाहिलं नव्हतं. धाकट्यासाठी बाप धावत गेला तसा थोरल्यासाठीही घराबाहेर आला. रात्रपाळी करून चिडचिडत घरी परतताना मला त्या बाहेर आलेल्या बापाचा फार आधार वाटला आहे.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. देश थांबला, डायलिसिस थांबवता येत नव्हतं. रुग्ण रुग्णालयाची चिठ्ठी हातात धरून, पोलिसांना दाखवत दाखवत येत. आम्ही अंगभर प्लास्टिकचे पोशाख चढवून चार-चार तास पाणी न पिता उभ्या. चर्चला कुलूप. १२ एप्रिलला पुनरुत्थानाचा रविवार आला, तेव्हा पहाटेची उपासना नाही, गाणं नाही, प्रभुभोजन नाही. ज्या आधारांवर माझा विश्वास उभा आहे असं मला वाटत होतं, त्यातले बरेचसे बंद होते. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून मी स्वतःला म्हटलं: तो उठला आहे. त्या दिवशी पाळी होती, आणि आदल्या आठवड्यातले काही चेहरे पाळीत नव्हते. पुनरुत्थानाची गोष्ट मी इतक्या गरजेनं त्याआधी कधी सांगितली नव्हती.

त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला हैदराबादवर आभाळ फाटलं. जुन्या शहरातल्या कितीतरी वस्त्या पाण्याखाली गेल्या. खालांची पाळी चुकली, दुसरीही चुकली. डायलिसिस दोनदा चुकलं म्हणजे रक्तात पोटॅशियम चढतं, फुप्फुसात पाणी भरतं. मुलांनी त्यांना पाठुंगळी घेऊन, पाण्यातून वाट काढत आणलं तेव्हा त्यांना दोन शब्द सलग बोलता येत नव्हते. त्या दिवशी सगळ्या सिस्टर घरी न जाता थांबल्या. पाण्यातून येईल त्याला मशीनवर घेत होतो. खाला वाचल्या. पुढे वर्षभरानं गेल्या, झोपेत. त्यांच्या सुनेनं फोन करून कळवलं. मी रडले, मनसोक्त रडले, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. त्या कॉलेजच्या मुलाच्या वेळी मला रडूही आलं नव्हतं.

वर्षातून एकदा तरी आम्ही काही जणी मेदकला जातो. हैदराबादहून शंभरेक किलोमीटर. रेव्हरंड चार्ल्स पॉझनेट यांनी तिथलं भव्य चर्च दुष्काळाच्या काळात बांधायला घेतलं, ते लोकांच्या हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावं म्हणून. २५ डिसेंबर १९२४ रोजी त्याचं समर्पण झालं. आत रंगीत काचांच्या तीन मोठ्या खिडक्या आहेत: ख्रिस्ताचा जन्म, वधस्तंभ, स्वर्गारोहण. बाहेरून त्या काळपट दिसतात, आत उजेडात रंग कळतात. मी दर वेळी तिथे बराच वेळ बसते. तिन्ही खिडक्यांत आपण केलेलं असं काहीही नाही. सगळं त्यानं केलेलं आहे. चर्च मात्र राबणाऱ्या उपाशी माणसांनी उभारलं. कामाची जागा कोणती आणि कृपेची कोणती, हे मला तिथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं प्रवचनातून दिसत नाही.

कोरडे दिवस येत नाहीत असं कुणी समजू नये. पुष्कळ सकाळी मी ते शब्द म्हटले आणि मन जागचं हललं नाही. तरी म्हटले. ते खरं आहे की नाही, हे माझ्या मनःस्थितीवर ठरत नाही, एवढं काकांच्या फिस्टुलानं शिकवलं होतं.

आणखी एक बोलायला हवं. सेवेचं नाव घेऊन सिस्टरांना कमी पगारात, कमी माणसांत, जादा तास राबवून घेण्याची वाईट सवय आपल्याकडे खूप ठिकाणी आहे. ख्रिस्ती मुलगी असेल तर तिला प्रभूसाठी सोस म्हणून सांगितलं जातं. मला याची चीड आहे. शुभवर्तमान सोसायला लावणारं औषध नाही. जिचं मोल आधीच ठरलेलं आहे ती आपल्या हक्काचं न घाबरता मागू शकते, आणि नाही मिळालं तरी स्वतःला कमी समजत नाही. एका सिस्टरकडे किती मशीन द्यायची यावर मी व्यवस्थापनाशी जितकी भांडले, तितकी त्या पायरीवरच्या संध्याकाळच्या आधी कधी भांडले नव्हते.

आता निवृत्त झाले आहे. लालागुड्याच्या घरी अधूनमधून तरुण सिस्टर येतात. कुणी केरळची, कुणी खम्ममची, एखादी आपल्या नांदेड-जालन्याकडची. थकलेल्या असतात. कुणी सांगते रुग्ण गेला, कुणी सांगते इन्चार्ज टोचून बोलली, कुणी सांगते प्रार्थना होत नाही म्हणून देव रागावला असेल. मी आधी चहा देते, जेवायला वाढते. मग अम्मांनी मला विचारलं होतं तेच विचारते. बहुतेक जणी आपण काय केलं तेच सांगू लागतात.

हे वाचणाऱ्यांत कुणी दवाखान्यात, शाळेत, अनाथालयात, घरच्या आजाऱ्याच्या उशाशी वर्षानुवर्षं राबणारे ख्रिस्ती भाऊ-बहिणी असतील, तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. उद्या सकाळी कामाची यादी हातात घेण्याआधी रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडा आणि तो मोठ्यानं, स्वतःला ऐकू जाईल असा वाचा. परवाही वाचा.